घड्याळ्याची गाडी

माळावरच्या वस्तीत घरोघरी घड्याळं होती, पण त्यांच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. भरवसा होता तो एका मोटारसायकलच्या आवाजावर. सकाळी ओढ्याच्या अंगानं फटफट ऐकू आली की बायका धारा आटपत्या घ्यायच्या, दुधाची चरवी उंबऱ्याशी आणून ठेवायच्या, आणि अजून अंथरुणात लोळणाऱ्या पोरांच्या पाठीत धपाटा बसायचा. घड्याळ्या आला, ऊठ, अशी हाक घराघरातून निघायची. दूधवाल्याला आईबापानं ठेवलेलं चांगलंसं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीतच राहून गेलं आणि माळानं ठेवलेलं नाव जन्माला चिकटलं. त्यालाही ते मनातून आवडायचं. माणसाच्या वक्तशीरपणाचं कौतुक त्याच्या तोंडावर कोण करतं? इथं तर रोज हाक मारून करत होते.

काम म्हटलं तर साधं होतं. घरून निघायचं, माळावरच्या विखुरलेल्या घरांचं दूध दोन मोठ्या कॅनमध्ये गोळा करायचं, मग खिंडीचा लांबलचक चढ चढून पलीकडच्या हमरस्त्याला लागायचं आणि ऊन चढायच्या आत दूध संकलन केंद्रात पोचवायचं. चढावर सावलीला एक झाड नव्हतं. नुसता दगड आणि वाकडीतिकडी वळणं. पावसाळ्या-हिवाळ्यात थोडं मागंपुढं झालं तरी दूध ऐकून घ्यायचं. उन्हाळ्यात ते कुणाचं ऐकत नाही.

गाडी घड्याळ्याच्या लग्नाच्याही आधीची होती. बायको चेष्टेनं म्हणायची, तुमची पहिली तीच, मी आपली दुसरेपणावर आले. गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायला लोखंडी चौकटी जोडलेल्या होत्या, सीटचं रेक्झिन तीनदा बदललेलं होतं, आणि टाकीचा मूळचा रंग कोणता यावर घरात एकमत नव्हतं. पण एका किकेत चालू व्हायची. भरल्या दोन कॅननिशी खिंड चढायची. आणखी काय पाहिजे?

त्याच्या आधी हीच फेरी त्याच्या बापानं सायकलवर केली होती. म्हातारा आता घरीच असायचा. डोळ्यांना अंधुक दिसायचं, पण हात अजून शाबूत होते आणि त्या हातांना काम लागायचं. सून कॅन उकळत्या पाण्यानं धुवायची, आणि म्हातारा पडवीत बसून जुन्या ट्यूबच्या रबराच्या चकत्या कापून झाकणांत बसवायचा. झाकण बसवलं की कॅन आडवा करून बघायचा. एक थेंब बाहेर आला की पुन्हा कापायला घ्यायचा. आख्ख्या हयातीत त्याचं दूध केंद्रातून एकदाही परत आलं नव्हतं, आणि हे तो आल्यागेल्याला सांगायचा. ‘झाकण घट्ट, तर अब्रू घट्ट,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. सुनेला ते इतकं पाठ झालं होतं की तो सुरू करायच्या आत ती पुरं करायची.

उन्हाळा लागायच्या सुमारास एक वाईट गोष्ट घडली. गाडीच्या टाकीचं झाकण जुनं, त्याची आतली पट्टी झिजलेली. टाकी भरलेली असली की खिंडीतल्या खडबडीत वळणांवर चार थेंब पेट्रोल बाहेर उडायचं. इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते कॅनवर झाकलेल्या ओल्या फडक्यावर उडालं असावं. केंद्रवाल्यानं नेहमीप्रमाणे कॅनचं झाकण काढून नाकाशी नेलं आणि तसंच ठेवून दिलं. त्यानं मागच्या माणसालाही वास घ्यायला लावला, मग त्याच्या मागच्याला. रांगेतले सगळे दूधवाले एकेक करून येऊन घड्याळ्याचं झाकण हुंगून गेले. आतल्या दुधाला काही नव्हतं, पण केंद्रवाला म्हणाला की पेट्रोलचा चहा लोकांना पाजायचा नाहीये, आणि तो कॅन परत गेला.

म्हाताऱ्याच्या कानावर ही गोष्ट घालायची नाही असं नवराबायकोनं ठरवलं होतं. पण भरलेला कॅन परत आलेला चाक वाजण्यावरूनच त्याला कळला. त्या दिवशी दुपारी तो जेवायलाही उठला नाही, पडवीत रबर कापत बसला. त्यानंतर पेट्रोलचा वास आला नाही. घड्याळ्याला वाटलं, आपण झाकण नीट दाबून फिरवतो म्हणून बंद झाला.

पुढं चार-आठ दिवसांत गाडीनं पहिल्यांदा दगा दिला.

खिंडीच्या ऐन मध्यावर तिनं खोकल्यासारखं केलं, दोन झटके दिले आणि मेली. घड्याळ्यानं तिला कशीबशी स्टँडवर घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि किक मारायला लागला. मारून मारून पोटरीत गोळा आला, शर्ट पाठीला चिकटला. इंजिनावर हात धरवत नव्हता. शेवटी पेट्रोल तरी आहे का म्हणून त्यानं टाकीचं झाकण उघडलं. सुस्स झालं, आतून कुणी दम सोडल्यासारखं. पेट्रोल होतं. झाकण लावून तो कॅनच्या सावलीला टेकला, कॅनवरच्या फडक्यांवर बाटलीतलं पाणी ओतलं, आणि इंजिन निवेपर्यंत बसून राहिला. मग उठून किक मारली, तर एका फटक्यात चालू. जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वरच्या वळणावर. घड्याळ्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की गाडी गरम झाली की मरते आणि निवली की उठते. त्यात त्याची चूक तरी काय? बसला की निवायची आणि निवली की चालू व्हायची, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. बसायच्या आधी आपण दरवेळी झाकण उघडून बघतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं त्याला वाटलं नाही.

मिस्त्रीचं दुकान गावाच्या तोंडाशी होतं. पत्र्याचं शेड, जमीन तेलानं काळी. मिस्त्री वाईट माणूस नव्हता. घड्याळ्याच्या गाडीची नस न् नस आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटायचं, आणि ठाऊक आहे असं वाटणाऱ्या माणसाला विचारायची सवय राहत नाही. त्यानं प्लग काढला, काळा पडलेला दाखवला, नवा घातला. गावाला एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, हरणासारखी पळतेय. गावातल्या गावात ती पळायचीच. दुसऱ्या दिवशी खिंडीत मेली. मग त्यानं कार्बोरेटर उतरवून पेट्रोलनं धुतला, जेटच्या भोकातून तार घातली, फुंकर मारली. पुन्हा चक्कर, पुन्हा हरीण, पुन्हा खिंड. मग कॉइल बदलली. घड्याळ्यानं एकदा सांगून बघितलं की टाकी भरलेली असली की लवकर मरते आणि पेट्रोल कमी असलं की लांबवर जाते. मिस्त्री हसला. जास्त खाल्लं की झोप येणारच, म्हणाला, आणि दुकानातले सगळे हसले. घड्याळ्याही हसला. पुन्हा तो ते बोलला नाही.

माळावर आता त्याच्या नावाची थट्टा व्हायला लागली होती. घड्याळ मागं पडलंय, चावी द्या, असं पोरं ओरडायची. दूध गोळा करताना उशीर होत नव्हता, उशीर व्हायचा तो पुढं चढावर. पण केंद्रातून दुधाला आंबट असा शेरा यायला लागला तेव्हा त्याचा फटका ज्याच्या त्याच्या घराला बसला. बायका तोंडावर काही बोलायच्या नाहीत. फक्त चरवी ओतताना पूर्वीसारख्या उभ्या राहून गप्पा मारायच्या नाहीत, आत निघून जायच्या. सगळ्यात शेवटचं घर मावशीचं. ती त्याच्या बापाच्या सायकलच्या काळापासून दूध घालत होती. तीच तेवढी बोलली. म्हणाली, टेम्पोवाला दोनदा येऊन गेला. त्याच्याकडं बर्फाची पेटी आहे. मी त्याला म्हटलं, आमचा माणूस आहे. पण बाकीच्यांचं मी सांगत नाही बाबा.

मिस्त्रीनं शेवटी निकाल दिला की रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. गाडी त्याच्या शेडमध्ये राहिली, तिचं पोट उघडून एका मळकट पोत्यावर मांडून ठेवलं गेलं, आणि घड्याळ्यानं बापाची सायकल माळ्यावरून खाली काढली.

म्हाताऱ्याला त्यात आनंद झाला, हे सांगायला नको. त्यानं चाचपडत साखळीला तेल दिलं, कॅन दांडीला कसे बांधायचे ते दाखवलं. ‘पायडल मारायचं नाही चढाला,’ तो म्हणाला, ‘उतरायचं आणि हँडल छातीशी धरून ढकलायचं. मी कधी बसून चढलो नाही.’ घड्याळ्या हो म्हणाला. पहिल्या दिवशी अर्ध्या खिंडीतच त्याच्या खांद्यांतलं बळ गेलं. कॅन डावीकडं ओढायचे, चाक उजवीकडं वळायचं. घाम डोळ्यांत उतरला की पुसायला हात सोडता यायचा नाही. बाप पहाटे अंधारात निघायचा आणि एकच कॅन न्यायचा, हे त्याला चढावरच आठवलं. एका वळणावर मागून टेम्पो आला, हॉर्न न वाजवता सावकाश बाजूनं गेला. तो हॉर्न न वाजवणं त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. घरी आल्यावर बायकोनं तळहातांवरचे फोड बघितले आणि त्यांना तेल लावलं. तेल लावताना तिला रडू आलं, तेही तिनं तसंच आवरलं.

गाडी परत आली त्या संध्याकाळी केंद्रवाल्याचा निरोपही आला. निरोप आणला टेम्पोवाल्यानंच. दारात उभा राहून, पायातल्या चपलेकडं बघत सांगितला. उद्या एक दिवस. उद्या दूध गोड आलं तर माळ तुझाच. आंबट आलं तर परवापासून माळाचं दूध टेम्पोत. ‘मी मागायला गेलो नव्हतो रे,’ तो म्हणाला, ‘पण देतायत तर नाही कसं म्हणू?’ घड्याळ्यानं त्याला पाणी विचारलं. तो पाणी पिऊन गेला.

मिस्त्री छातीवर हात ठेवून म्हणाला होता की आता या इंजिनात नव्या गाडीचा दम आहे. घड्याळ्यानं उद्याच्या दिवसात कसलीच कसर ठेवायची नाही असं ठरवलं. हवा बघितली, साखळी ताणून घेतली, क्लचची वायर बदलली, आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. एरवी तो तशी भरायचा नाही. बायकोनं फडकी दोनदा उकळली. म्हातारा अंगणात येऊन गाडीवरून हात फिरवून गेला. सीटवरून, टाकीवरून, झाकणावरून.

सकाळी माळावर तो वेळेवर पोचला. ओढ्याच्या अंगानं आवाज गेला आणि एका घरातून जुनी हाक ऐकू आली, घड्याळ्या आला. त्याला बरं वाटलं. मावशीनं चरवी ओतली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून जा म्हणाली.

गाडी खिंडीच्या पायथ्याशीच मेली.

चढ नुकता लागत होता. आजवर ती इतक्या लवकर कधीच मेली नव्हती. त्यानं किक मारली. पुन्हा मारली. नव्या रिंगांचं इंजिन घट्ट होतं, किक पायावर उलटी यायची, घोट्याच्या वर लागून रक्त आलं. त्यानं प्लग काढून पुसला, तोंडानं फुंकला, परत बसवला. झाकण उघडलं, सुस्स झालं, पेट्रोल गळ्याशी डुचमळत होतं. झाकण लावलं. बसला. ऊन आता खिंडीच्या भिंतीवरून खाली उतरत होतं, आणि ते उतरताना तो बघत होता. उठून किक मारली, चालू झाली. दुसऱ्या वळणावर पुन्हा मेली.

तिथं टेम्पो मागून आला आणि थांबला. टेम्पोवाल्यानं खाली उतरून मागचं फळकूट उघडलं. ‘टाक वर,’ तो म्हणाला, ‘बर्फ आहे. तुझ्या नावानं उतरवतो.’

घड्याळ्याच्या हातात कॅनची कडी होतीही. पण टेम्पोतून उतरलेलं दूध कुणाच्या नावानं लागतं, हे लहान पोरालाही कळलं असतं, आणि आजचा दिवस गाडीचा होता. तो म्हणाला, होईल चालू. तू जा. टेम्पोवाला फळकूट लावून गेला. पुढं कितीतरी दिवस घड्याळ्या त्या क्षणाकडं परत परत जायचा. दूध तरी वाचलं असतं. मावशीच्या गाईचं दूध त्यानं आपल्या हट्टापायी उन्हात ठेवलं, असं त्याला वाटायचं, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिसऱ्यांदा गाडी खिंडीच्या माथ्याजवळ मेली, आणि या वेळी तो बसला नाही. तिला ढकलत माथ्यावर नेलं आणि तिथून उतारावर सोडली. केंद्रात पोचला तेव्हा रांग संपलेली होती. केंद्रवाल्यानं परीक्षानळीत थोडं दूध घेतलं, दिव्यावर धरलं. दूध उकळी फुटताच तुकडे तुकडे होऊन नळीच्या काचेला चिकटलं. त्यानं ती नळी घड्याळ्यासमोर धरली आणि धुवायला ठेवली. दुसऱ्या कॅनचंही तेच. मग म्हणाला, मागच्या नालीत ओतून दे, इथं वास नको. घड्याळ्यानं दोन्ही कॅन स्वतः उचलून नेले आणि ओतले. माळावरच्या साऱ्या घरांची सकाळ त्या नालीतून पांढरी होऊन वाहून गेली. दूध संपलं तरी तो कॅन उपडे धरून उभा होता. कुणीतरी येऊन त्याच्या हातातून ते घेतले.

माळ टेम्पोला गेला. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. टेम्पोवर कॅन चढवा-उतरवायला एक माणूस लागत होता. टेम्पोवाल्यानं ती जागा त्यालाच विचारली, तीही मान खाली घालून, आणि त्यानं घेतली. घरात बसून खाणार काय? गाडी सुट्या भागांसाठी न्यायला मिस्त्री तयार होता. इंजिन आपण नवं केलंय, दुसऱ्या कुणाच्या तरी चेसीवर चढवू, म्हणाला. म्हाताऱ्याला एवढंच सांगितलं होतं की गाडीचं वय झालं. ते त्याला पटलं. वय झाल्यावर काय होतं ते त्याला ठाऊक होतं.

मिस्त्री न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी बायको म्हणाली, ‘अहो, गाडी जाते तर जाऊ दे. पण भरलेली टाकी त्याला कशाला द्यायची? पेट्रोल काढून घ्या.’

तिचं बरोबर होतं. घड्याळ्यानं कार्बोरेटरची नळी ओढून काढली, खाली डबा धरला आणि कॉक फिरवला. पेट्रोल जोरात आलं. मग धार बारीक झाली. मग थेंब थेंब, आणि मग बंद. टाकी हलवून बघितली. आत जड डुचमळत होती. कॉक चोंदला असेल म्हणून त्यानं तारेचा तुकडा शोधायला सुरुवात केली.

बायको बाजूला कॅन घासत बसली होती. ती उठून आली, ओले हात पदराला पुसले आणि सरळ टाकीचं झाकण फिरवून उचललं.

सुस्स.

खाली डब्यात धार धो धो सुरू झाली.

‘हा आवाज आपल्या कॅनचा आहे,’ ती म्हणाली. ‘कोमट दूध भरून कॅन थंड पाण्यात ठेवला की झाकण असंच धरतं, नि उघडताना असंच वाजतं. वरनं हवा नाही आत गेली, तर खालनं कसं यायचं?’

घड्याळ्या झाकणाकडं बघत राहिला. मग त्यानं ते तिच्या हातातून घेऊन उलटं केलं. आत जिथं झिजलेली पट्टी असायची तिथं काळ्या रबराची आख्खी चकती बसवलेली होती. मधोमध भोक नसलेली, कडा एकसारखी, सुरेख कापलेली. पेट्रोल पिऊन ती फुगली होती आणि झाकणातलं हवेचं बारीक छिद्र तिनं पुरतं बुजवून टाकलं होतं. अशी चकती कापणारे हात गावात दुसरे नव्हते. दोघांनी एकदम पडवीकडं बघितलं. म्हातारा भिंतीला टेकून डुलक्या घेत होता.

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसं झालं होतं. प्लग, कार्बोरेटर, कॉइल, रिंगा. सगळ्या गाडीला डाग देऊन झाले, आणि दुखणं हे असं, तळहातावर मावणारं. बायकोचा चेहरा लाल झाला. इतक्या दिवसांचं तेल, फोड, नालीत गेलेलं दूध, सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. ती पडवीकडं दोन पावलं गेलीही. घड्याळ्यानं तिचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. ती थांबली.

त्यानं चकती काढून खिशात टाकली, नळी जोडली, डब्यातलं पेट्रोल परत टाकीत ओतलं, झाकण तसंच चकतीशिवाय लावलं आणि किक मारली. मग दोन रिकामे कॅन चौकटीत अडकवले. का अडकवले ते त्यालाही सांगता आलं नसतं. रिकामी गाडी त्याला कधी चालवता यायची नाही, एवढंच.

ऐन दुपारच्या उन्हात तो माळावरून गेला, वस्ती मागं टाकली, आणि खिंडीला लागला. गाडी पहिलं वळण चढली. दुसरं चढली. ज्या दगडाशी ती मरायची तो दगड मागं पडला. इंजिनाचा आवाज भरीव, एकसारखा येत होता. मिस्त्री खोटं बोलला नव्हता, तिच्यात खरंच नव्या गाडीचा दम होता. माथ्यावर पोचल्यावर त्यानं ती बंद केली नाही. तशीच चालू ठेवून उभा राहिला. खाली हमरस्ता दिसत होता, केंद्राचा पांढरा पत्रा उन्हात चमकत होता. बैल गेला आणि झोपा केला, असं लोक हसून म्हणतात. त्याला हसू आलं नाही. तो तिथं हँडलवर डोकं टेकून रडला आणि रडताना इंजिनाची थरथर त्याच्या कपाळाला जाणवत राहिली.

येताना तो मावशीकडं थांबला. तिनं आवाज आधीच ऐकला होता; दारात आली होती. रिकाम्या कॅनकडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती हळूच म्हणाली, ‘आता सगळ्यांनी शब्द दिलाय रे त्याला. मीसुद्धा. पण आवाज आला तशी माझी मी उठून चरवीच घ्यायला गेले.’

गाडी नीट झाली, तेवढं दाखवायला आलो होतो, असं तो म्हणाला. काय झालं होतं म्हणून तिनं विचारलं. किरकोळ होतं, म्हणाला. तिनं दिलेलं पाणी पिऊन निघाला.

घरी आला तेव्हा म्हातारा जागा होऊन अंगणात उभा होता. आवाजावरूनच त्याला कळलं होतं. गाडी स्टँडला लागताच तो जवळ आला, इंजिनाला हात न लावता त्याची धग तळव्यावर घेतली, आणि म्हणाला की ही तर चांगली चालतेय, मग देतोस कशाला? घड्याळ्यानं सांगितलं की आता टेम्पोवर काम धरलंय, गाडी ठेवून करायचं काय. म्हातारा टाकीवरून हात फिरवत झाकणापर्यंत आला. त्यानं झाकण फिरवून उघडलं, आणि बोट आत घालून चाचपलं.

‘रबर कुठं गेलं?’

बायको चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.

‘मी बसवलं होतं त्यात,’ म्हातारा म्हणाला. ‘तुझं दूध परत आलं ना, त्या दिवशी. तुला बोललो नाही. म्हटलं, डोळे गेले तरी एवढं तरी आपल्याच्यानं होईल. त्यानंतर आला का कधी वास?’

घड्याळ्यानं खिशात हात घातला. चकती अजून ओली होती, बोटांना पेट्रोल लागलं.

‘नाही आला, बाबा,’ तो म्हणाला. ‘पुसायला काढलं होतं. हे घ्या.’

म्हाताऱ्यानं ती घेतली, धोतराला पुसली, झाकणात बसवली. अंगठ्यानं कड दाबत दाबत गोल फिरला, कुठं उचललेली राहू नये म्हणून दोनदा. मग झाकण टाकीवर ठेवून सारा जोर लावून फिरवलं, आणि वर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

‘मिस्त्रीला सांगून ठेव, हे काढू नको म्हणावं,’ तो म्हणाला. ‘बाकी गाडीचं काही का होईना, इथनं थेंब यायचा नाही.’

‘सांगतो,’ घड्याळ्या म्हणाला, आणि चौकटीतले रिकामे कॅन सोडवायला लागला.